बाहेरच्या देशातून सायकलचे स्वस्त पार्ट : कोकणात राहून काय मागवावं, काय नाही

खाडीकाठचा
मंडळी, सायकलवाल्यांसाठी धागा काढतोय. जुने धागे चाळले पण सगळे पुण्या-मुंबईच्या लोकांचे, त्यांना काय, पोटरी दुखायच्या आत दुकान येतंय. मी गुहागर तालुक्यात, इकडे धोपावे तिकडे तवसाळ, म्हणजे दोन्ही टोकांना फेरीबोट आणि मध्ये नुसते चढ नि उतार. सायकल २६ ची, साधी स्टीलची फ्रेम, मागे ७ गिअर, १४-२८ चं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, सगळ्यात लहान चकती १४ दातांची, मोठी २८ ची). वेळणेश्वर-हेदवीच्या बाजूला जे उभे चढ आहेत तिथे २८ दात पुरत नाहीत, उतरून ढकलावी लागते. चिपळूणला विचारलं तर ट्यूब-टायर-केबल मिळतं, मोठं फ्रीव्हील म्हटलं की "मागवून देतो", आणि ते मागवून देणं काही होत नाही.
परदेशी साइटवर बघितलं तर फ्रीव्हील, चेन, लाइट, मल्टिटूल, ब्रेक पॅड सगळं एवढं स्वस्त दिसतंय की किमतीत एक शून्य गळलाय की काय असं वाटतं. कोणी मागवता का? कस्टमचं काय होतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत तो माल टिकतो का?

बंदरकर
पूर्वी क्लिअरिंगच्या कामात होतो म्हणून कस्टमचं मी सांगतो, सायकलचं बाकीचे सांगतील.
पहिली गोष्ट, ज्या चिनी साइटचं नाव सगळ्यांच्या तोंडात असतं ती अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ज्या ४३ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात होती, तेव्हा यूट्यूबवरचे परदेशी लोक "तिकडून घ्या" म्हणतात ते आपल्याला लागू नाही. विगल आणि चेन रिअ‍ॅक्शन या ब्रिटिश दुकानांवरून आपल्याकडचे बरेच जण मागवायचे, ती कंपनी २०२३ च्या ऑक्टोबरात दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हातात गेली. ईबेची भारतातली साइट २०१८ ला बंद झाली पण मूळ साइटवरचे काही विक्रेते भारतात पाठवतात, ऑर्डर करायच्या आधी तिथे भारताचं नाव आहे का ते बघायचं.
दुसरी गोष्ट, "गिफ्ट म्हणून पाठव" हा सल्ला डिसेंबर २०१९ पासून मेलेला आहे. आधी ५००० रुपयांपर्यंतच्या गिफ्टला सूट होती, ती काढली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. तरी विक्रेते पाकिटावर गिफ्ट लिहितात, किंमत दोन डॉलर टाकतात, आणि मग पाकीट अडकलं की खरं बिल तुम्हाला दाखवावं लागतं.
हिशोब असा लागतो. वस्तूची किंमत अधिक शिपिंग अधिक विमा, या सगळ्या बेरजेवर ड्यूटी. ड्यूटीच्या १० टक्के सरचार्ज. मग या सगळ्याची बेरीज करून त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे टॅक्सवर टॅक्स. वैयक्तिक वापराच्या मालाला बहुतेक वेळा कस्टमच्या दरयादीतलं ९८०४ हे शीर्षक लावतात. काही वर्षांपूर्वी त्यावर ३५ टक्के ड्यूटी आणि २८ टक्के आयजीएसटी धरून एकूण ७७.२८ टक्के व्हायचे, लोक बेशुद्ध पडायचे. दर बजेटमध्ये बदलतात, मागवायच्या आदल्या दिवशी ताजा दर बघा, माझ्या किंवा आणखी कोणाच्या आकड्यावर जाऊ नका.

खाडीकाठचा
म्हणजे समजा ७०० ची वस्तू आणि ३०० शिपिंग?

बंदरकर
१००० वर. ड्यूटी नुसती समजण्यापुरती २० टक्के धरू, २०० झाले. सरचार्ज २०. आता १२२० वर आयजीएसटी, १८ टक्के धरला तर २१९ रुपये ६० पैसे. ७०० ची वस्तू घरी येईपर्यंत १४४० ला. कुरिअर कंपनीने आणली तर त्यांचा हाताळणीचा चार्ज वेगळा, आणि छोट्या पाकिटावर तो कधी कधी ड्यूटीपेक्षा जास्त असतो. टपालाने आली तर मुंबईला फॉरेन पोस्ट ऑफिसमधून जाते आणि ड्यूटी असेल तर ती गावच्या पोस्टात भरून पाकीट घ्यायचं. कुरिअरला केवायसी लागतं, आधार किंवा पॅन, ते वेळेवर दिलं नाही तर पाकीट तिथेच लोळत पडतं.

घाटवाट
बंदरकर काकांनी पैशाचं सांगितलं, पण खरा पैसा जातो तो चुकीच्या मापाचा पार्ट येऊन. परत पाठवायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त, म्हणून विक्रेताही म्हणतो ठेवा तुमच्याकडे, आणि मग तो खोक्यात पडून राहतो. तेव्हा मोबाइल खाली ठेवा आणि आधी सायकलपाशी जाऊन बसा.
टायरचं घ्या. "२६" म्हणजे काहीच सांगितलं नाही. गिअरच्या एमटीबीची २६ म्हणजे रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर. जुन्या पद्धतीच्या २६ × १ ३/८ ची रिम ५९०. दोघांना आपण २६ च म्हणतो, एकाचा टायर दुसऱ्यावर जन्मात चढणार नाही. काळी दूधवाली २८ × १ १/२ म्हणजे ६३५, आणि ७००सी म्हणजे ६२२, आणि गंमत बघा २९ ची एमटीबीसुद्धा ६२२ च. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ५०-५५९ असं काहीतरी छापलेलं असतं, तो आकडा वाचा आणि तोच साइटवर टाका. काळ्या सायकलचा टायर मात्र बाहेरून शोधायच्या फंदात पडू नका, लुधियानाचा माल गल्लीत मिळतो.
मागच्या चाकाचंही तसंच. फ्रीव्हील आणि कॅसेट लांबून सारखे दिसतात. फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी चढतं, पकड-टिकटिक सगळं त्याच्या पोटात. कॅसेट खाचांवर सरकते आणि वरून लॉकरिंग, टिकटिक हबमध्ये. धागाकर्त्यांचं फ्रीव्हील आहे म्हणतात तर ७ स्पीड १४-३४ चं घ्या, त्यातली सगळ्यात मोठी चकती एकदम उडी मारून ३४ दातांची असते, आपल्या उभ्या चढांना तीच लागते. पण आधी मागच्या डिरेलरचं (गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) मॉडेल वाचा, त्याला ३४ पेलतं का ते कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. शिमानोचे साधे टूर्नी डिरेलर बरेचसे ३४ घेतात. मोठी चकती आली की जुनी चेन आखूड पडेल, तेव्हा चेनही नवीन, आणि तशीही झिजलेल्या चेनवर नवीन फ्रीव्हील टाकणं म्हणजे नवीन दात जुन्या चेनला कुरतडायला देणं.

सायकलवाली_रत्नांग्री
घाटवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत, फक्त चेनचं मी वेगळं सांगेन. चेन झिजली का बघायला चेन चेकर नावाचं पत्र्याचं खेळणं सगळे विकतात, ते मागवू नका. स्टीलची फूटपट्टी घ्या. चेनच्या एका पिनेवर शून्य लावा, १२ इंचावर बरोबर पिन यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली तर नवीन चेन टाका, १/८ पुढे गेली तर फ्रीव्हीलही गेलं समजा.
आता खाऱ्या हवेचं, कारण तो प्रश्न कोणी घेतलाच नाही. मी भाट्याच्या बाजूला राहते, घरातल्या बिजागऱ्या गंजतात तिथे चेनचं काय. स्वस्तातल्या पार्टमध्ये फसवणूक कुठे असते सांगू, मोठ्या भागात नाही, स्क्रूमध्ये. बॉटल केज अ‍ॅल्युमिनियमचा छान येतो, सोबतचे दोन स्क्रू साध्या लोखंडाचे वरून चकचकीत, एका पावसाळ्यात तांबूस होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात अ‍ॅलन की गोल फिरते. फ्रेममध्ये अडकलेला स्क्रू ड्रिलने काढायला लागला की केजच्या दसपट पैसे. म्हणून कॅरियर, केज, मडगार्ड काहीही मागवा, पण स्क्रू इथे बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानातून ३१६ ग्रेडचे घ्या, मिरकरवाड्याच्या आसपास मिळतात, नाहीतर निदान ३०४. आणि ग्रीस लावल्याशिवाय काही घट्ट करायचं नाही. धागाकर्त्यांची फ्रेम स्टीलची आहे आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट घालणार असाल तर ग्रीस हवंच हवं, दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, असा जाम बसतो की फ्रेम आणि पोस्ट एक जीव होतात.
चेन कोटिंगवाली मिळते, केएमसीची ईपीटी लिहिलेली असते, गंज कमी धरते. महाग आहे पण फेरीबोटीच्या डेकवर सायकल उभी करणाऱ्याने हा खर्च करावा. नेहमीची चेन असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याचा फडका, सुकवणं, तेल. पावसाळ्यात पातळ ड्राय ल्यूब चालत नाही, पहिल्याच सरीत धुऊन जातं, आणि वर जांभ्याची लाल माती बसली की पॉलिश पेपरच फिरतोय चेनवर.

मालवणी_चाक
माका एक सांगा, ह्या सगळा खरा, पण लाइट मागवूक काय हरकत? माझो भाचो आचऱ्यासून पहाटे काळोखात निघता, आणि हंयच्या दुकानात जो लाइट गावता तो म्हणजे काजवो. साइटीवर १०००० लुमेन लिवलेला असा, किंमत बघून माका चक्कर इली.

घाटवाट
भाऊ, ते १०००० लुमेन म्हणजे निवडणुकीतलं आश्वासन, त्यातले हजार निघाले तरी देवाला नारळ द्या. आणि सेलवर बघा काय लिहिलंय. १८६५० आकाराच्या लिथियम सेलमध्ये चांगल्या कंपनीचा ३५०० एमएएचच्या आसपास जातो, ९९०० लिहिलेला असेल तर तो खोटाच, हातात घेतलात की हलका लागतो. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या वर भरतो, सोनाराकडे नाहीतर पोस्टातल्या काट्यावर ठेवून बघा. असले खोटे सेल चार्जिंगला लावून झोपायचं नाही, कौलारू घरात तर नाहीच.
लिथियम बॅटरीवर विमानाच्या टपालात निर्बंध असतात त्यामुळे पाकीट अडकायची शक्यताही जास्त. लाइट घ्यायचाच तर बॅटरीशिवायचा घ्या आणि सेल भारतातून नामांकित घ्या. आणखी एक, स्वस्त लाइटचा झोत गोल असतो, वरखाली सगळीकडे, समोरच्या एसटीवाल्याच्या डोळ्यात. त्याला काही दिसलं नाही तर तो तुमच्या भाच्याच्या अंगावरच येणार ना. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकल लाइटला एसटीव्हीझेडओ हा नियम आहे, त्यात झोत वरून कापलेला असतो गाडीच्या डिपरसारखा. ते लिहिलेला लाइट बघा, लुमेन कमी दिसतील, रस्ता जास्त दिसेल.

मालवणी_चाक
आवाठातल्या सगळ्यांका सांगतंय आता. भाच्याक मागसून लाल लाइट तरी लावूक सांगतंय, तो स्वस्तातलो चलात मां?

सायकलवाली_रत्नांग्री
चालेल दादा, मागचा दिसण्यापुरता असतो. फक्त रबरी झाकणाजवळ बोटभर ग्रीस फिरवा, चार्जिंगचं भोक हिरवं पडतं आपल्याकडे.

कोन_कटोरी
मी बोलणार नव्हतो पण राहवत नाही. आमचं कुडाळ साइडला सायकलचं दुकान, वडिलांच्या वेळेपासून. लोक बाहेरून पार्ट मागवतात आणि बसवायला आमच्याकडे घेऊन येतात, बसवणावळ सांगितली की तोंड वाकडं. "पार्टच ३०० चा, बसवायचे १५० कसले?" अहो तुमच्या ३०० च्या पार्टसाठी जुनं जाम झालेलं फ्रीव्हील काढायला माझी अर्धी सकाळ गेली त्याचे.
आणि काही गोष्टी तर उगीच मागवतात. बेअरिंग! सीलबंद बेअरिंगवर नंबर असतो, ६००१ असेल तर आत १२ बाहेर २८ रुंदी ८, जगात कुठेही तेच माप. सायकलचं म्हणून विकलं की दुप्पट भाव. त्यापेक्षा मोटारच्या बेअरिंगवाल्याकडे जा, नंबर सांगा, पुढे २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं मागा, एनबीसी नाहीतर एसकेएफ, संध्याकाळी चाकात. जुन्या हबला कोन, कटोरी, छर्रे, हे तर आमच्याकडे पुड्यांनी असतं. बाहेरून फक्त तेच मागवा जे आम्ही ठेवू शकत नाही.

खाडीकाठचा
दादा राग नको, तुम्हीच सांगा मग, तुम्ही काय ठेवू शकत नाही?

कोन_कटोरी
राग नाही हो. डिरेलर हँगर हे पहिलं. फ्रेमला जो छोटा अ‍ॅल्युमिनियमचा कान असतो ज्यावर मागचा डिरेलर लटकतो तो. सायकल उजवीकडे पडली की तो वाकतो, म्हणजे फ्रेम वाचते. पण प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा, भोकं वेगळी, एकाच कंपनीची दोन मॉडेल वेगळी. शेकडो प्रकार, मी कुठले कुठले भरून ठेवू? आणि तो तुटला की सायकल महिनाभर भिंतीला. बाहेरचे विक्रेते यात खरोखर उपयोगी, कारण ते आकाराचा फोटो टाकतात. जुना हँगर काढा, वहीच्या चौकटीच्या पानावर ठेवून फोटो काढा, भोकांमधलं अंतर मोजा, जुळवा, आणि मागवायचे तर दोन मागवा. टपालाने आला तरी हलका आहे, शिपिंग कमी.
दुसरं, प्रेस्टा वाल्वचे पितळी अ‍ॅडॉप्टर, ज्यांच्या सायकलला बारीक वाल्व आहे त्यांना पेट्रोलपंपावर हवा भरता येत नाही, चिमटीएवढी वस्तू. तिसरं, फ्रीव्हील काढायचा पाना. बाकी केबल, ब्रेक रबर, ट्यूब, पेडल आमच्याकडून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि पार्टवरचा जीएसटी १२ चा ५ झालाय, त्यामुळे इथला भाव आणि बाहेरचा भाव यातला फरक तसाही आटलाय.

दुबैकर
आमचा अर्धा मोहल्ला गल्फात त्यामुळे आम्ही हे प्रकरण वेगळ्या वाटेने सोडवतो, तिकडच्या पत्त्यावर मागवायचं आणि कोणीतरी सुट्टीला येताना घेऊन येतं. बॅगेज अलाउन्समध्ये स्वतःच्या वापराच्या वस्तू बसतात. पण घेऊन येणाऱ्याला आधी सांगा पाकिटात काय आहे, मल्टिटूल नि पाने चेक-इन बॅगेत, सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत, उलटं केलं की विमानतळावर त्याची बोंब आणि घरी आल्यावर तुमची. ताटभर खजुराबरोबर एक चेन आणायला कोणी नाही म्हणत नाही.
अवांतर: एका विक्रेत्याकडून मित्राने ब्रँडेड कार्बन हँडलबार मागवला होता, किमतीत दहावा हिस्सा. डब्यावर नाव बरोबर, हँडलबारवरच्या स्टिकरमध्ये एक अक्षर जास्त.

घाटवाट
दुबैकर, बरं झालं विषय काढलात. हँडलबार, स्टेम, सीटपोस्ट, फोर्क, क्रँक आणि हेल्मेट, हे स्वस्तातलं अनोळखी नावाचं बाहेरून घेऊ नका. कार्बन तर नाहीच. अ‍ॅल्युमिनियम वाकून इशारा तरी देतं, कार्बन बरेचदा देत नाही, आणि उतारावर हँडलबार तुटला तर हातात नुसत्या मुठी. हेल्मेटवर ईएन १०७८ लिहिलेलं असतं पण स्टिकर कोणीही छापतो. भारतात नावाजलेल्या कंपन्यांची हेल्मेट मिळतात, दोन पैसे जास्त जाऊ देत.

सायकलवाली_रत्नांग्री
ब्रेक पॅडचं काय मत? मी डिस्कचे पॅड स्वस्तातलेच वापरते आणि मला काही वाईट अनुभव नाही. आकार मात्र जुना पॅड शेजारी ठेवूनच जुळवायचा, कारण एका नावाचे चार आकार असतात.

घाटवाट
रत्नागिरी शहरात ठीक आहे ताई. आंबा घाट उतरताना मी नाही वापरणार. रेझिनचे मऊ पॅड सतत दाबून गरम झाले की पकड सोडायला लागतात आणि पावसात झटझट झिजतात. मेटल म्हणजे सिंटर्ड जास्त टिकतात, आवाज करतात, पण रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, "फक्त रेझिन" लिहिलेलं असेल तर मेटल लावायचे नाहीत, रोटर खातात.

सायकलवाली_रत्नांग्री
घाट उतरताना सतत दाबून धरायचाच नाही ना पण ब्रेक, दाबायचा-सोडायचा. पॅडपेक्षा बोटं शिकवा. असो, यावर आपलं जमणार नाही.

खाडीकाठचा
बरंच कळलं. एक विचारतो, आमच्याकडे पाचसहा जण आहेत सायकलवाले. सगळ्यांच्या चेन, फ्रीव्हील, हँगर एकत्र माझ्या नावावर मागवले तर शिपिंग वाचेल ना?

बंदरकर
वाचेल आणि अडकेल. एका नावावर दहा चेन बघितल्या की कस्टमवाला वैयक्तिक वापर मानेलच असं नाही, धंद्याचा माल म्हटलं की आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी मागतात. ज्याची त्याची ऑर्डर ज्याच्या त्याच्या नावाने. ट्रॅकिंग नंबर १३ अक्षरांचा येईल, आधी दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर यू असेल तर ते पाकीट वाटेत कुठे आहे ते सहसा दिसत नाही, आर असेल तर रजिस्टर्ड. हँगरसारख्या अडलेल्या वस्तूला थोडे जास्त देऊन रजिस्टर्ड घ्या.

मालवणी_चाक
कोन_कटोरी भाऊ, तुमी फ्रीव्हीलाचो पानो म्हणालास. माझ्या सायकलीचा फ्रीव्हील पण काढूचा असा. पानो सगळ्यांका एकच लागता काय?

कोन_कटोरी
नाही लागत. चाक काढा, मागचा नट सोडवा आणि फ्रीव्हीलच्या तोंडात आत टॉर्च मारून बघा. शिमानोसारख्या गिअरच्या फ्रीव्हीलला आत १२ खाचा असतात, त्याचा पाना सगळीकडे मिळतो. जुन्याला दोन किंवा चारच खोल खाचा असतात, त्याचा वेगळा. आणि काढताना पाना हातात धरून झटके देऊ नका, पाना व्हाइसमध्ये पकडा आणि अख्खं चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. नवीन चढवताना आट्यांना ग्रीस, नाहीतर पुढच्या वेळी माझी पुन्हा अर्धी सकाळ. खाचांचा फोटो इथे टाका, कुठला पाना ते सांगतो.